पॅरिसची आरास आणि पनवेलची खुर्ची

नोव्हेंबर २०२५ च्या प्रारंभी मुंबईच्या फोर्ट विभागात 'गालरी लाफायेत' या फ्रेंच पेढीचे दालन उघडले. दोन जुन्या वारसा इमारती, पाच मजले, नव्वद हजार चौरस फुटांच्या आसपास जागा, अडीचशेच्या घरात नाममुद्रा आणि भागीदारीला देशातील एक बडा उद्योगसमूह, असा सारा थाट आहे. पॅरिसमध्ये १८९३ साली एका रस्त्याच्या कोपऱ्यावर किरकोळ शोभेच्या वस्तू विकणारे दुकान म्हणून जन्मलेली ही पेढी मुंबईत आली, याचे वृत्तपत्रांनी भरभरून कौतुक केले. त्यात वावगे काही नाही. चांगले वस्त्र ल्यावे ही माणसाची हौस फार जुनी आहे, आणि समाजवाद म्हणजे सर्वांनी गोणपाट गुंडाळून हिंडणे, असे कोणा शहाण्याने कधी म्हटलेले नाही. प्रश्न निराळाच आहे. पॅरिसहून आपण आणले काय, आणि जाणूनबुजून तेथेच ठेवून आलो काय, हा तो प्रश्न.

फोर्टातील काचेच्या दालनापेक्षा पनवेलजवळच्या नेरे गावातून तो अधिक स्वच्छ दिसतो. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, गाढी नदीच्या खोऱ्यातले हे गाव. एके काळी भातशेतीवर जगणारे. आता 'नैना'च्या नकाशात आलेले. जमिनींचे भाव चढले, शेते गेली किंवा जाण्याच्या वाटेवर आहेत, आणि पलीकडे विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटनही होऊन गेले. शेतीतून सुटलेल्या हातांना या नव्या अर्थव्यवस्थेने काय दिले? दहावी-बारावी झालेल्या मुलींपुरते बोलायचे, तर तिने मुख्यतः दुकान दिले. सकाळी एसटी वा रिक्षा पकडून पनवेल गाठायचे, दहाच्या सुमारास कापडाच्या वा तयार कपड्यांच्या दुकानात उभे राहायचे आणि शटर खाली आल्यावर, उलगडलेल्या साड्यांच्या घड्या घालून, उशिराच्या गाडीने घरी यायचे. 'उभे राहायचे' हा येथे वाक्प्रचार नव्हे. गिऱ्हाईक असो वा नसो, दहा-दहा तास या मुली अक्षरशः उभ्या असतात.

ही काही आपली जुनी रीत नव्हती. पनवेल, पेण, कल्याण, कोठलेही बाजाराचे गाव घ्या. जुन्या कापडदुकानात पांढरी चादर घातलेली गादी असे, मालक तक्क्याला टेकून बसे, मुनीम पेटीपाशी बसे, माल दाखवणारा बसे आणि गिऱ्हाईकही चपला काढून तेथेच बसे. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे सारे गणगोत दुपारभर त्या गादीवर ठाण मांडून असे. ठाणे काढायला नोकर उठे, पण दाखवायला पुन्हा खाली बसे. त्या दुकानात नोकराचे शोषण नव्हते असे मुळीच नाही. पगार तुटपुंजा होता आणि कामाचे तास मालकाच्या मर्जीवर होते. पण बसणे हा तेथे गुन्हा नव्हता. 'शोरूम' आले, गादी गेली, तिच्या जागी कपाटे, हँगर आणि आरसे आले. गिऱ्हाईक उभे राहिले ते दहा मिनिटे, विकणारी उभी राहिली ती दिवसभर. बसलेली मुलगी आळशी दिसते, गिऱ्हाईकावर वाईट छाप पडते, असे याचे समर्थन ऐकू येते. एका स्टुलाची किंमत दुकानातल्या एका बऱ्या कुर्त्याहून अधिक नसते. म्हणजे येथे अडचण खर्चाची नाही, हुकमतीची आहे.

गंमत अशी की, हे 'शोरूम' ज्या संस्थेचे दूरचे अपत्य आहे ती संस्था पॅरिसमध्येच घडली. आरिस्तिद बुसिको याने १८५२ पासून 'बॉ मार्शे' या दुकानात ठरलेली किंमत, मुक्त प्रवेश आणि नापसंत माल परत घेण्याची सोय रूढ केली. घासाघीस संपली, खरेदी हा विरंगुळा झाला. या झगमगाटामागे विक्रेत्या मुलींचे काय हाल होते, ते एमिल झोलाने १८८३ च्या आपल्या 'ओ बोनर दे दाम' या कादंबरीत दाखवले. दुकानांत स्वतः हिंडून, टिपणे काढून त्याने ती लिहिली होती. सूजलेले पाय, मंदीच्या दिवसांत क्षुल्लक कारणावरून होणारी हकालपट्टी, माळ्यावरची निजायची खोली, हे तपशील त्या कादंबरीत आहेत.

त्यानंतर फ्रान्समध्ये जे घडले ते मात्र आपल्याकडील फॅशनच्या पुरवण्यांत कधी छापून येत नाही. २९ डिसेंबर १९०० रोजी तेथे एक छोटासा कायदा झाला. ज्या दुकानात स्त्रिया माल विकतात वा हाताळतात, तेथे प्रत्येक दालनात जितक्या स्त्रिया कामाला असतील तितक्या बैठका असल्याच पाहिजेत, असे त्याने सांगितले. लोकांनी त्याला 'खुर्च्यांचा कायदा' हेच नाव दिले. १३ जुलै १९०६ रोजी आठवड्याच्या सुट्टीचा कायदा आला. १९३६ च्या जूनमध्ये लेआँ ब्लुम यांचे लोकआघाडीचे सरकार आले तेव्हा कारखान्यांमागोमाग पॅरिसची मोठमोठी दुकानेही संपात उतरली. त्यांत ही गालरी लाफायेतही होती. विक्रेत्या मुलींनी दुकानांतच ठिय्या दिला. चाळीस तासांचा आठवडा आणि दोन आठवड्यांची भरपगारी रजा या गोष्टी फ्रेंच कामगाराच्या पदरात पडल्या त्या त्याच उन्हाळ्यात.

यावर कोणी म्हणेल, तो युरोप, त्याची आपल्याशी बरोबरी कशाला? बरोबरी करायची तर थोडी उलटीच करावी लागेल. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांकडून रविवारची सुट्टी मान्य करून घेतली. म्हणजे पॅरिसच्या दुकानातील मुलीला कायद्याने आठवड्याची सुट्टी मिळण्याच्या सोळा वर्षे आधी परळ-लालबागच्या कामगाराने ती मिळवली होती. जो प्रांत या बाबतीत पॅरिसच्याही पुढे होता, त्याच प्रांतात आज दुकानातल्या मुलीला बसण्यासाठी परवानगी मागावी लागते. मधल्या काळात काय झाले ते सर्वज्ञात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव मोडले. फिनिक्स मिलच्या जागेत मॉल उभा राहिला. जेथे कापड विणले जाई तेथे कपडे विकले जाऊ लागले. विणणाऱ्याला संघटना होती. विकणारीला ती नाही. दोन-चार जणींच्या दुकानात संघटना बांधणे किती कठीण असते हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांनाच ठाऊक.

कठीण असते, अशक्य नसते. केरळात कोळिकोडच्या मिठाई गल्लीतील विक्रेत्या स्त्रियांनी आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी आवाज उठवला. कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून तो हक्क मान्य केला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. दोन्ही राज्यांत कापडाचा आणि सोन्याचा व्यापार मोठा आहे आणि तो खुर्च्यांमुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही.

दुसरी गोष्ट 'सेल'ची. गणपती आले की पनवेलच्या बाजारात पन्नास टक्के, सत्तर टक्के सुटीच्या पाट्या लागतात आणि दिवाळी उलटली तरी उतरत नाहीत. मूळ किंमत कोणती आणि सूट कशावर, हे विचारण्याची सोय नाही. भांडवलशाही फ्रान्समध्ये मात्र 'सोल्द' म्हणजे सेल हा शब्द कायद्याच्या ताब्यात आहे. वर्षातून दोन हंगाम, २०२० पासून प्रत्येकी चार आठवड्यांचे. किमान महिनाभर आधी दुकानात असलेलाच माल त्यात काढायचा. खरेदी किमतीखाली विकण्याची मुभाही त्याच काळात. एरवी सुटीची पाटी लावायची तर मागील तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत सोबत दाखवावी लागते. हे नियम शोभेचे नाहीत. फसव्या सुटींबद्दल 'शीन' या जगड्व्याळ कपडेविक्री कंपनीला फ्रान्सने जुलै २०२५ मध्ये चार कोटी युरोंचा दंड केला. चौकशीत तिच्या जाहीर सुटींपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी किंमत प्रत्यक्षात उतरलेलीच नव्हती, आणि काही ठिकाणी तर चढली होती. हीच कंपनी जून २०२० मध्ये भारतात बंदी आलेल्यांपैकी एक. २०२५ च्या फेब्रुवारीत ती येथील सर्वांत धनाढ्य उद्योगसमूहाचे बोट धरून परत आली.

फ्रान्सची आरती ओवाळण्याचे अर्थातच कारण नाही. दर आठवड्याला नवी फॅशन ओतणाऱ्या स्वस्त कपड्यांविरुद्धचे विधेयक तेथील लोकसभेने मार्च २०२४ मध्ये एकमताने संमत केले. पण जून २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहातून बाहेर पडताना त्याची धार आशियातून येणाऱ्या कंपन्यांकडेच वळली आणि युरोपातल्या जुन्या साखळ्या बऱ्याच अंशी बचावल्या. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या एका प्रसिद्ध जुन्या दुकानात शीनने आपले दालन थाटले. दारात निदर्शक आणि बंदोबस्ताला पोलीस होते, तरी आत जाणाऱ्यांची रांग होतीच. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ 'राना प्लाझा' कोसळून ११३४ माणसे मेली, ती युरोपच्या दुकानांसाठीच कपडे शिवत होती. त्यानंतर चार वर्षांनी फ्रान्सने आपल्या बड्या कंपन्यांवर परदेशी पुरवठादारांच्या कारखान्यांवर लक्ष ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. उशिरा टाकली, पण टाकली.

जाता जाता आणखी एक. जुने कपडे फेकून न देता दुरुस्त करावेत म्हणून नोव्हेंबर २०२३ पासून फ्रान्समध्ये शिंप्याकडे वा चांभाराकडे नेलेल्या वस्तूमागे सहा ते पंचवीस युरोंपर्यंत सवलत मिळते. आबे पिएर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या 'एमाउस'च्या चिंध्या-भंगार वेचणाऱ्या वसाहतींची दुकाने तर आज पॅरिसच्या हौशी तरुणांची आवडती खरेदीची ठिकाणे झाली आहेत. आपल्याकडे रफूगार होता, दारावर जुन्या कपड्यांच्या बदली भांडी देणारी बोहारीण होती. त्यांना कोणी सवलत दिली नाही. ती मोडीत निघाली तेव्हा कोणाच्या लक्षातही आले नाही. उद्या हीच कल्पना परदेशी नाव लावून परत येईल तेव्हा तिचे उद्‌घाटन बहुधा वातानुकूलित दालनात होईल.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्रात १९४८ चा दुकाने व आस्थापना कायदा होता. नोकर एक असो की पन्नास, तो लागू असे. दुकान बंद करण्याची वेळ आणि आठवड्याचा बंद त्यात ठरलेला होता. त्याची अंमलबजावणी कशी होई हे सांगायला नको. पण हक्क कागदावर तरी होता आणि कागदावरचा हक्क घेऊन भांडता येते. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांना जवळजवळ पूर्ण मोकळे सोडले. मालकाने फक्त व्यवसाय चालू केल्याची सूचना द्यायची. त्या वेळी गाजावाजा झाला तो दुकान चोवीस तास आणि वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येईल याचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही दहाची मर्यादा वीसवर नेण्यास आणि दिवसाचे कामाचे तास नवावरून दहा करण्यास मान्यता दिली. कारण सांगितले व्यवसायसुलभतेचे. कोणाच्या व्यवसायाची सुलभता? आणि तासवाढीला कामगाराची संमती लागेल, असेही सोबत सांगितले गेले. पनवेलच्या दुकानात एकटी कामाला असलेली मुलगी संमती नाकारील आणि दुसऱ्या दिवशी कामावर येईल, असे ज्यांना वाटते त्यांनी बाजार कधी पाहिला नसावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची कामगार सुरक्षा व आरोग्य संहिता लागू झाली. उभे राहून काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याची सोय हवी, असे कलम तिच्यात आहे. ते चांगलेच आहे. पण संहितेची व्याप्ती पुन्हा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती. फोर्टातल्या पाच मजली दालनाला ते कलम लागू होईल. पनवेलच्या ज्या दुकानात चार मुली आहेत आणि नेऱ्यात उद्या नव्या इमारतींच्या तळमजल्यावर जे गाळे निघतील, त्यांत काम करणाऱ्या दोघी-तिघींना ना केंद्राचे कलम उपयोगी पडेल, ना राज्याचा कायदा. जेथे संघटना होऊ शकत नाही नेमके तेथेच कायदाही थांबतो, ही या रचनेतली मेख आहे.

ती काढणे अवघड नाही. बसायची जागा, आठवड्याची सुट्टी आणि स्वच्छतागृह या तीन बाबींपुरता तरी राज्याचा कायदा नोकरसंख्येची अट न घालता प्रत्येक दुकानाला लागू करावा. छोट्या दुकानात स्वतंत्र स्वच्छतागृह परवडत नसेल, तर बाजारपेठेपुरते सामाईक बांधण्याची जबाबदारी महापालिकेवर वा ग्रामपंचायतीवर टाकावी. 'नैना'त बाजारगाळ्यांचे नकाशे मंजूर करताना सिडकोला ही अट आजच घालता येईल. खुर्चीबद्दल तर नवे काही शोधायचेच नाही. १९०० च्या फ्रेंच कायद्याने कामगार दहा की वीस असे विचारले नव्हते. दालनात स्त्रिया किती, एवढेच त्याने मोजायला सांगितले होते.