वादळानंतर वीज आधी कुणाला? फिरते वीजसाठे आणि आपल्या वस्त्या

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या तालुक्यांत विजेचे हजारो खांब आडवे झाले. आडबाजूच्या कित्येक गावांनी आणि वाड्यांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात आहे. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळाने कोकणाला पुन्हा झोडपले. आता पुढच्या वादळाची तयारी करताना एक प्रश्न आपण लावून धरला पाहिजे: वीज परत येते तेव्हा ती आधी कुणाकडे येते?

याचे उत्तर विजेच्या जाळ्याच्या रचनेत आहे. दुरुस्ती वरून खाली होते. आधी मोठे उपकेंद्र, मग ३३ केव्हीची वाहिनी, मग ११ केव्हीचा फीडर, नंतर डीपी आणि सगळ्यात शेवटी घरापर्यंत जाणारी लघुदाब तार. तांत्रिकदृष्ट्या हा क्रम बरोबर आहे, कारण वरचे सुरू झाल्याशिवाय खाली वीज येणार नाही. पण बौद्धवाडी, आदिवासी वाडी, मजुरांची वस्ती कुठे असते? बहुधा गावाच्या आणि तारेच्याही टोकाला. जातीने जमिनीवर आखलेली रेघ विजेच्या तारेतही उतरते. त्यासाठी कुणा अधिकाऱ्याने जाणूनबुजून भेदभाव करण्याचीही गरज नसते.

हा क्रम मोडू शकणारे साधन आज उपलब्ध आहे. ट्रकवर किंवा ट्रेलरवर बसवलेले जनरेटर आणि बॅटरीसंच. वरची वाहिनी बंद असली तरी ते थेट टोकाच्या वस्तीत नेऊन वीज देता येते. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपानंतर जपानच्या नोतो भागात रुग्णालये आणि निवारा केंद्रांसाठी वीज देणारे ट्रक धाडण्यात आले. उलट उदाहरण प्युर्टो रिकोचे आहे. सप्टेंबर २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर तिथे सर्वांपर्यंत वीज पोहोचायला सुमारे ११ महिने लागले आणि डोंगराळ भागातली माणसे शेवटपर्यंत ताटकळली.

किती वीज लागते, याचा ढोबळ हिशेब करू. एका विहारात ९ वॉटचे १० एलईडी दिवे, ७५ वॉटचे ४ पंखे आणि एका वेळी २० मोबाइलचे चार्जिंग, म्हणजे साधारण ६०० वॉट. आठ तासांना पाच युनिटच्या आत. शंभर युनिट साठवणारी एक गाडी एका रात्रीत असे १८ ते २० विहार किंवा समाजमंदिरे उजळू शकते. तीन एचपीचा पाण्याचा पंप दोन तास चालवायलाही साधारण पाच ते सहा युनिट पुरतात. वस्तीची आपत्कालीन गरज इतकी छोटी आहे.

अडचण साधनापेक्षा वाटपात आहे. बॅटरी रिकामी झाली की ती भरावी लागते. म्हणून एक जनरेटर दिवसा बॅटऱ्या भरणार, रात्री बॅटऱ्या आवाज आणि धुराशिवाय वस्तीत वीज देणार, अशी फेरी आखावी लागते. रस्ते कुठे तुटू शकतात हे पाहून वादळाच्या आधीच गाड्या योग्य ठिकाणी उभ्या कराव्या लागतात. आणि मग सर्वांत कळीचा मुद्दा: गाडी कुठे पाठवायची? जिथे विजेची मागणी जास्त तिथे, असा निकष लावला तर बाजारपेठ जिंकते आणि २५ घरांची वाडी हरते. रुग्णालय आणि पाणीपुरवठा पहिले असावेत, याबद्दल दुमत नाही. त्यानंतरचा क्रम मात्र अंधारात किती दिवस गेले आणि दुसरी सोय आहे का, यावर ठरला पाहिजे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर आहे आणि ज्याच्या घरी एकच दिवा आहे, त्यांचा अंधार सारखा नसतो. २००१ चा गुजरात भूकंप आणि २००४ ची त्सुनामी, दोन्ही वेळी मदतवाटपात दलितांना डावलल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले ते याच काळात. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. वीज हा सामाजिक न्यायाचा विषय आहे, हा धडा आपल्याला घरातूनच मिळालेला आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती आराखडा असतो, त्याचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो आणि जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. आपल्या जिल्ह्यात फिरते जनरेटर आणि बॅटरीसंच किती, ते कुठे असतात, पाठवण्याचा क्रम काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आपली वस्ती कोणत्या फीडरवर आणि कोणत्या डीपीवर आहे, याची नोंद करा. विहारात बाहेरून वीज जोडण्यासाठी चेंजओव्हर स्विच बसवावा, असा ठराव ग्रामसभेत मांडा.

हा स्विच ऐच्छिक समजू नका. मुख्य तार न तोडता जनरेटर जोडला, तर वीज उलटी डीपीत शिरते आणि पलीकडे ११ केव्हीचा दाब तयार होतो. त्या तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. तोही कष्टकरी माणूस आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर हे काम हाती घेतले, तर पुढच्या वादळात आपली वाडी किमान यादीत तरी असेल. यादीत नाव असल्याशिवाय गाडी येत नाही.

जय भीम!