चिकटविलेले केस आणि वैद्याचे कर्तव्य

केशसौंदर्याची आवड आपल्या समाजास नवीन नाही. अंबाड्यात गंगावन मिसळण्याची रीत आपल्या आजी-पणजींनाही ठाऊक होती. आपल्या झाडीपट्टीतील नाटकांत टोप आणि डिंकाने चिकटविलेल्या दाढी-मिशा यांवाचून प्रयोग उभाच राहत नाही. ‘गोंदिया’ हे नावदेखील जंगलातील गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले, असे सांगितले जाते. तेव्हा चिकट द्रव्यांशी आपल्या जिल्ह्याचे नाते जुनेच म्हणावयाचे. परंतु गंगावन रात्री सोडून ठेवले जात असे आणि नटाची मिशी प्रयोग संपताच उतरत असे. आज घरच्या घरी आरशासमोर डोक्यास जे केस चिकटविले जातात, ते मात्र सहा-सहा, आठ-आठ आठवडे तसेच राहतात. विकाराचे मूळ या कालावधीत आहे. त्याचा विचार वैद्यांनी आणि औषधविक्रेत्यांनी करावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पूर्वी हे काम मोठ्या शहरांतील केशभूषागृहांपुरते मर्यादित होते. आता केसांच्या पट्ट्या, गोंदाची बाटली आणि तप्त चिमटा हे सर्व साहित्य टपालाने आमगाव-देवरीपर्यंत घरपोच येते. लग्नसराईत केस चिकटविले जातात आणि लग्नसराई ओसरली की ‘केस फार गळतात, एखादे चांगले तेल द्या’ अशी मागणी आपल्या चिकित्सालयांत व दुकानांत सुरू होते. केस चिकटविले होते, ही गोष्ट रुग्णा आपण होऊन क्वचितच सांगते. आपणही विचारीत नाही. निदान चुकते ते येथेच.

प्रथम गोंदाचे प्रकार ध्यानात घ्यावेत. केसांची सलग पट्टी चिकटविण्याचा काळा वा पांढरा गोंद बहुधा रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून केलेला असतो. दुसरा प्रकार केराटिनच्या जोडाचा. तो उष्णतेने वितळवून बसवितात. तिसरा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. चौथा प्रकार वस्तुतः केसांसाठी नाहीच, तरीही घरोघरी वापरला जातो. तो म्हणजे चपला-खेळणी जोडण्याचा झटपट गोंद. हा केसांना वा त्वचेला कदापि लावू नये.

लॅटेक्सचा धोका केवळ कंडूपुरता नाही. रबराच्या हातमोज्यांनी वा फुग्यांनी ज्यांना खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, त्यांना हा गोंद प्राणघातक ठरू शकतो. केसांच्या गोंदामुळे तीव्र सार्वदैहिक प्रतिक्रिया उद्भवल्याची नोंद 2002 साली अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. चेहऱ्यावर सूज, श्वासाला अडथळा किंवा भोवळ दिसताच लेप वा काढा यांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. यात वैद्याच्या प्रतिष्ठेस कोणताही कमीपणा नाही.

आता केसगळतीकडे वळू. निरोगी मस्तकावरूनही दररोज साधारणतः 50 ते 100 केस गळतात. सहा आठवड्यांत ही संख्या 2,100 ते 4,200 होते. एरव्ही हे केस फणीत वा स्नानाच्या वेळी निघून जातात. जोडात सापडलेले केस मात्र तेथेच अडकून राहतात. पट्टी काढताना ते एकदम हाती येतात आणि रुग्णा घाबरते. हा पुंजका पाहून खालित्याचे निदान करणे योग्य नव्हे. केसाचे मूळ पाहावे. मुळाशी लहान पांढरी गाठ असेल तर तो बहुधा स्वाभाविकपणे गळलेला केस होय. गाठ नसेल तर तो तुटलेला आहे, आणि ओलसर आवरणासह आला असेल तर तो उपटला गेला आहे. एवढे परीक्षण भिंगाखाली दोन मिनिटांत होते.

खरे भय ओढीचे आहे. दीर्घकाळ ताण पडल्याने केस विरळ होतात, ही गोष्ट ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या संदर्भात 1907 सालीच नोंदली गेली. कपाळाची कड, कानशिले आणि पट्टीची रेषा येथे विरळपणा दिसू लागतो. प्रारंभी ताण दूर केल्यास केस पुन्हा येतात. वर्षानुवर्षे ताण राहिल्यास रोमकूप नष्ट होऊन तेथे केस येणे थांबते. सुश्रुतांनी इंद्रलुप्ताच्या संप्राप्तीत रोमकूपांच्या अवरोधाचा उल्लेख केला आहे. म्हणून गोंदाने झालेला प्रत्येक विरळपणा इंद्रलुप्तच, असे मात्र समजू नये. इंद्रलुप्तासाठी सांगितलेली गुंजा, भल्लातक यांसारखी तीक्ष्ण द्रव्ये गोंदाने आधीच दाह झालेल्या त्वचेवर लावणे म्हणजे जळत्यावर तेल ओतणे होय.

यावर काही बंधू म्हणतील की, हा केशभूषागृहांचा विषय आहे. आपण नीलीभृंगादी तैल द्यावे आणि रुग्णास समाधानाने घरी पाठवावे. हे मत मला मान्य नाही. निदानपरिवर्जन हा आपल्या चिकित्सेचा पाया आहे. गोंद आणि ताण कायम ठेवून वरून केश्य तैल देणे हे या पायालाच सोडून आहे. शिवाय तेलाने जोड सुटतो, म्हणून हे केस विकणारेच केसांच्या मुळांना तेल लावू नका असे सांगतात. म्हणजे रुग्णा आपले तेल घेऊन जाते, पण लावीत नाही. दोष मात्र आयुर्वेदास लागतो.

काढण्याची रीत आपण रुग्णास शांतपणे समजावून द्यावी. लॅटेक्सच्या गोंदावर तिळाचे वा खोबऱ्याचे साधे तेल भरपूर लावून किमान अर्धा तास थांबावे, वरून कोमट ओला पंचा ठेवावा आणि पट्टी एका टोकाकडून अलगद सरकवावी. न सुटल्यास पुन्हा तेल लावावे, ओढू नये. या कामी औषधी तेलात कोणताही अधिक गुण नाही. महागडी बाटली त्यासाठी विकू नये. केराटिनचा जोड केवळ तेलाने सुटत नाही. त्यास स्पिरिटयुक्त द्रावण लागते आणि ते अनुभवी हातांकडून करविणे बरे. झटपट गोंद त्वचेस चिकटला असल्यास कोमट साबणाचे पाणी व तेल वापरून धीर धरावा. बहुधा काही दिवसांत त्वचेच्या वरच्या थरासह तो निघतो. केसांतील गाठ कापावी लागली तरी चालेल. रॉकेल, पेट्रोल डोक्यास लावू नये. ॲसिटोन व स्पिरिट ही ज्वालाग्राही द्रव्ये आहेत. चूल, दिवा किंवा देवघरातील समई जवळ असता ती उघडूही नयेत. जखम, पू, स्राव वा ज्वर असल्यास तेल-मर्दन टाळून प्रथम त्याची चिकित्सा करावी.

औषधविक्रेते बंधूंना विशेष विनंती अशी की, स्पिरिट, ॲसिटोन अथवा केशवर्धक तेल मागणाऱ्या ग्राहकास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : डोक्यास काही चिकटविले आहे काय, आणि रबराची बाधा पूर्वी झाली आहे काय? दुकानात गोंद ठेवावयाचाच असेल तर ज्यावर घटक, उत्पादकाचे नाव आणि मुदत छापलेली आहे तोच ठेवावा. रबराची बाधा नसलेल्या ग्राहकासही कोपराच्या आतील बाजूस थेंब लावून दोन दिवस वाट पाहण्यास सांगावे. बाधा असल्यास ही परीक्षाही घरी करू नये.

चिकित्सालयात येणाऱ्या मुलीची थट्टा करू नये, उपदेशही फार करू नये. लाजेपोटी ती पुढच्या वेळी काहीच सांगणार नाही. लांब केसांची हौस असेल तर बांधावयाचे गंगावन वा चिमट्याचे केस आहेतच. ते हलके असावेत आणि रात्री उतरवावेत. ज्यास रात्री विसावा मिळतो ते मस्तक पुष्कळ सोसते.

केसगळतीच्या रुग्णपत्रिकेत ‘चिकटविलेले केस : होय / नाही, किती आठवडे’ अशी एक ओळ आपण सर्वांनी समाविष्ट करावी, आणि संघटनेने तसा नमुना सदस्यांस पाठवावा, अशी माझी सूचना आहे. त्यास खर्च काहीच नाही. मात्र त्यामुळे अनेक रुग्णांचा व्यर्थ खर्च टळेल आणि काहींचे केसही वाचतील. सदस्यांनी यावर आपली मते अवश्य कळवावीत. इत्यलम्.