विश्लेषण : उपनगरांतील डोंगरउतारांचा धोका मोजतात कसा?

पावसाळा तोंडावर आला की घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड भागातील डोंगरउतारांवरच्या वस्त्यांत महापालिकेच्या नोटिसा पोहोचतात. जागा धोकादायक आहे, स्थलांतर करा, असा त्यांचा आशय. पण एखादी जागा धोकादायक ठरते कशी?

धोका म्हणजे नेमके काय?

उतार कोसळण्याची शक्यता हा त्याचा एक भाग. खाली किती माणसे राहतात, हा दुसरा. घर कशाचे आहे, गल्लीतून बाहेर पडता येते का, घरात वृद्ध किंवा आजारी किती, हा तिसरा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात दरड कोसळली तर झाडे जातात. घाटकोपरच्या आझादनगरात १२ जुलै २००० रोजी कोसळली तेव्हा ६० हून अधिक माणसे गेली.

उतार कसा तपासतात?

हे काम प्रामुख्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे. उताराचा कोन, खडकाची झीज, वरच्या मातीची जाडी, पाण्याच्या वाटा आणि पूर्वी दरडी कुठे कोसळल्या, हे पाहिले जाते. मुंबईचा काळा पाषाण तसा टणक. त्यावरचा मुरूम आणि माती मात्र पाणी पिऊन जड होते आणि घसरते. त्यात पायथा खणून खोली वाढवली, वरच्या घरांचे सांडपाणी उतारातच मुरत राहिले, की काही वर्षांपूर्वीची पाहणी जुनी होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मधील कलम ३१ नुसार जिल्हा आराखड्यात धोक्याची ठिकाणे नोंदवणे आणि दरवर्षी आराखड्याचा फेरआढावा घेणे बंधनकारक आहे. हा फेरआढावा उतारावर चढून व्हायला हवा. गेल्या वर्षीच्या यादीवरची तारीख बदलून तो होत नाही.

भिंत बांधली की प्रश्न मिटतो?

पाण्याला वाट ठेवली नसेल तर भिंतच संकट बनते. मागे साचलेले पाणी तिला ढकलते. मालाडच्या कुरार भागात २ जुलै २०१९ च्या रात्री पालिकेच्या जलाशयाची भिंत पिंपरीपाड्यातील झोपड्यांवर कोसळली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या भारतनगरात भिंत पडली आणि त्याच रात्री विक्रोळीत घरे कोसळली; दोन्ही ठिकाणचे मिळून २५ हून अधिक बळी. म्हणून भिंतीची उंची सांगून भागत नाही. तिच्यातली पाणी निचऱ्याची भोके उघडी आहेत की कचऱ्याने बुजली आहेत, हे दर पावसाळ्याआधी पाहावे लागते.

हवामानाचा इशारा पुरेसा नाही?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. कुलाब्यात ७५ मिमीही नाही. त्याच दिवशी साकीनाक्याला दरड कोसळली. संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला ‘रेड अलर्ट’ कोणत्या गल्लीने आज रात्री घर सोडावे, हे सांगू शकत नाही. त्यासाठी वस्तीजवळचे पर्जन्यमापक आणि त्या उताराची माहिती, दोन्ही एकत्र लागतात.

यादीत नाव नसेल तर?

निश्चिंत राहू नये. १९ जुलै २०२३ रोजी गाडली गेलेली रायगडमधील इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

लोक हलत का नाहीत?

धोका कळत नाही म्हणून, असे समजणे सोयीचे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० ची मर्यादा; त्यानंतर २०११ पर्यंतच्यांना सशुल्क घर. पुढचे अपात्र. पात्र कुटुंबालाही घर सोडले तर हक्क जाईल, ही भीती असते, आणि पावसाळ्यापुरते भाडे भरणे मोलमजुरी करणाऱ्याला परवडत नाही. धोक्याचे मूल्यमापन करताना ही भीतीही मोजायला हवी, कारण रिकामी न झालेली घरे शेवटी तिच्यामुळेच भरलेली राहतात.

तोवर रहिवाशांच्या हाती काय?

जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा, अचानक घट्ट बसणारे दार, कललेला विजेचा खांब, उतारातून येणारे गढूळ पाणी किंवा भिंतीला आलेला फुगवटा दिसला तर सकाळची वाट न पाहता बाहेर पडावे. पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा क्रमांक १९१६.