गोळ्यांनी वजन वाढू शकतं, हे आधीच सांगायला हवं

डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या की पेशंटचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. सवय लागेल का? या झोपेच्या गोळ्या आहेत का? किती दिवस घ्याव्या लागतील? वजनाबद्दल पहिल्या भेटीत फार थोडे जण विचारतात. तो प्रश्न तीन-चार महिन्यांनी पडतो, आणि बऱ्याचदा आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. पेशंट गोळ्या बंद करतो आणि दवाखान्यात येणंही बंद करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पस्तिशीच्या एक बाई, नोकरी करणाऱ्या. झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली, "जगून काय करायचं" असे विचार. मी त्यांना मिर्टाझेपिन सुरू केलं. दीड महिन्यात झोप लागू लागली, त्या जेवू लागल्या, कामावरही जाऊ लागल्या. मी खूश होते. मग त्या यायच्या थांबल्या. आठ महिन्यांनी नवरा त्यांना घेऊन आला तेव्हा अवस्था पहिल्यापेक्षा वाईट होती. गोळ्या त्यांनी मध्येच स्वतःहून सोडल्या होत्या. कारण काय, तर एका बारशाला कुणीतरी त्यांच्या पोटाकडे बघून विचारलं होतं, "काय, गोड बातमी का?" वजन नऊ किलोंनी वाढलं होतं.

त्या मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एकदा सांगितलं असतं तर मी तुमच्याकडेच आले असते. मला वाटलं, माझाच जिभेवर ताबा नाही."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सांगितलं नव्हतं, कारण वजनाचं नाव काढलं तर त्या गोळी सुरूच करणार नाहीत अशी मला भीती होती. आजही अनेक डॉक्टर याच भीतीपोटी गप्प राहतात. माझं मत आता स्पष्ट आहे: गोळी सुरू करण्याआधी वजनाबद्दल बोलायलाच हवं. डॉक्टरांनी विषय काढला नाही, तर तुम्ही काढा.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात

"डिप्रेशनच्या गोळ्यांनी माणूस जाड होतो" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कोणती गोळी, यावर बरंच अवलंबून असतं.

मिर्टाझेपिनने वजन वाढण्याची शक्यता बरीच असते. ते मेंदूतल्या हिस्टामाइनचं काम अडवतं, त्यामुळे झोप येते आणि भूकही वाढते. शिवाय पोट भरल्याची जाणीव देण्यात सिरोटोनिनच्या ज्या रिसेप्टरचा वाटा असतो, तोही ते बंद करतं. म्हणजे त्या बाईंचा जिभेवरचा ताबा सुटला नव्हता, औषधाने त्यांची भूकच बदलली होती. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांचंही असंच आहे. डोकेदुखी किंवा नसांच्या दुखण्यासाठी ते कमी डोसमध्ये देतात, तेव्हाही हे लक्षात असू द्या.

एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या आज जास्त वापरल्या जाणाऱ्या गोळ्यांचा वजनावरचा परिणाम बराच सौम्य असतो. फ्लुओक्सेटिनने तर सुरुवातीला वजन थोडं कमीही होऊ शकतं. याच गटातल्या पॅरोक्सेटिनने मात्र वजन वाढण्याकडे कल असतो.

२०२४ मध्ये 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे १ लाख ८३ हजार प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिन घेणाऱ्यांच्या तुलनेत एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन आणि ड्युलोक्सेटिन घेणाऱ्यांचं वजन सहा महिन्यांनी सरासरी ३०० ते ४०० ग्रॅमने जास्त वाढलेलं होतं. बुप्रोपिऑन घेणाऱ्यांचं सुमारे २०० ग्रॅमने कमी वाढलं होतं.

"एवढंच?" असं तुम्हाला वाटेल. पण सरासरी म्हणजे सगळ्यांची बेरीज भागिले सगळे. त्यात ज्यांचं वजन हललंच नाही तेही येतात आणि ज्यांचं सात किलो वाढलं तेही येतात. तुम्ही त्यातले कोण, हे सरासरी सांगत नाही. ते तुमचा वजनकाटाच सांगेल.

ब्रिटनमधल्या सुमारे ३ लाख लोकांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये 'बीएमजे'मध्ये आला होता. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये वजन वाढण्याचा धोका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जास्त दिसला. म्हणून "सहा महिने झाले, काही झालं नाही" म्हणून वजन करणं सोडू नका.

वाढलेलं सगळंच वजन गोळीचं नसतं

डिप्रेशनमध्ये अनेकांची भूक मरते. आजारपणात सहा किलो उतरले आणि बरं होताना चार परत आले, तर तो साइड इफेक्ट नाही. ते बरं होणं आहे. उलट काही जणांना डिप्रेशनमध्येच जास्त भूक लागते, खूप झोप येते, हालचाल मंदावते, आणि त्यांचं वजन गोळी सुरू होण्याआधीच वाढू लागलेलं असतं.

थायरॉइड कमी असेल तर मरगळ आणि वजन दोन्ही वाढतात. म्हणून त्याची तपासणी झालेली असावी. सोबत ओलॅन्झापिन किंवा क्वेटियापिनसारखी गोळी असेल, तर वजन वाढण्याचं मुख्य कारण ती असू शकते. तुमच्या सगळ्या चिठ्ठ्या, अगदी दुसऱ्या डॉक्टरांच्यासुद्धा, एकदा एकत्र दाखवा.

पहिल्याच भेटीत काय करायचं?

केसपेपरवर वजन आणि कमरेचा घेर लिहायला सांगा. आधीचा आकडाच नसेल तर किती वाढलं हे कुणालाच सांगता येणार नाही. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटीमीटरच्या आत असावा.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. या गोळीने वजन वाढण्याची शक्यता किती आहे? माझ्यासाठी हीच का निवडली? वाढलं तर दुसरा पर्याय काय? घरात मधुमेह असेल, तुमचं वजन आधीच जास्त असेल किंवा पीसीओएस असेल, तर ते आवर्जून सांगा. झोप आणि भूक पार गेलेल्या पेशंटला मिर्टाझेपिन हेच योग्य औषध असू शकतं. पण ते का निवडलं, हे पेशंटला कळायला हवं.

घरी दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, सकाळी वजन करा आणि लिहून ठेवा. रोज नको, रोजचा आकडा उगाच जीव खातो. पहिल्या महिन्यातच दोन किलो वाढलं, किंवा नंतर कधीही मूळ वजनाच्या पाच टक्के वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. साठ किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे तीन किलो. तीन किलोंवर करण्यासारखं बरंच असतं, बारा किलो झाल्यावर सगळंच अवघड होतं.

मग डॉक्टर काय करू शकतात? डोस तपासता येतो. गोळी बदलता येते. बुप्रोपिऑनसारखा पर्याय काहींना चालतो, पण फिट्स येणाऱ्यांना किंवा खाण्याशी संबंधित मानसिक आजार असलेल्यांना तो देत नाहीत. समुपदेशनाची जोड देता येते. आणि रोजचं चालणं वजनासाठी तर आहेच, डिप्रेशनसाठीही उपयोगी आहे. फक्त ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला पहिल्या आठवड्यात "रोज तासभर चाला" सांगू नये. दहा मिनिटांपासून सुरुवात पुरे.

दोन गोष्टी मात्र करू नका

पहिली, गोळी एकदम बंद करू नका. चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं, असे त्रास होऊ शकतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन बंद करताना ते जास्त जाणवतात. त्याहून मोठी भीती आजार उलटण्याची असते. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात, ती त्यासाठीच. ज्यांना पूर्वीही असे झटके येऊन गेले आहेत, त्यांना त्याहून जास्त काळ. बंद करायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, हळूहळू.

दुसरी, ओळखीतून किंवा ऑनलाइन मिळणाऱ्या "वजन घटवा" पावडरी आणि कॅप्सूल घेऊ नका. अशा काही उत्पादनांत सिब्युट्रामिन हे औषध लपवून घातलेलं सापडलं आहे. भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली. डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत ते पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

सांगितल्याने पेशंट घाबरतील का?

काही घाबरतील, हे मान्य. एखादा गोळी नकोच म्हणेल, आणि ते नुकसान लहान नाही, कारण उपचाराविना राहिलेलं डिप्रेशन जीवही घेतं. पण ज्याला आधी सांगितलेलं असतं, तो वजन वाढल्यावर माझ्याकडे येतो. ज्याला सांगितलेलं नसतं, तो स्वतःला दोष देतो, गोळ्या कपाटात ठेवतो आणि गप्प बसतो. त्याच्या मनात "मी वाईट" हा विचार आधीच घर करून बसलेला असतो. त्यात आपण आणखी एक भर घालतो.

घरच्यांनाही एक विनंती. "किती सुटलीस गं", "गोळ्या खाऊन बघ काय झालास" ही वाक्यं गिळून टाका. त्याऐवजी "आपण डॉक्टरांशी बोलू या का?" असं विचारा आणि सोबत चला.

त्या बाई पुन्हा बऱ्या झाल्या. दुसऱ्या गोळीवर, आणि या वेळी पहिल्या दिवशीच वजन लिहून. तेव्हापासून माझ्या टेबलाशेजारी वजनकाटा असतो. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल, तर मागा.

आणि वजन राहू दे बाजूला, जगणंच नको असे विचार येत असतील तर आज, आत्ता कुणाला तरी सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.