खजांचीविना पेढी

गेल्या हिवाळ्यात सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, नुकत्याच थाटलेल्या एका बँकशाखेत, काही कामानिमित्त बसलो असता, बचत गटाची वर्गणी पिशवीत घेऊन आलेल्या एका प्रौढ बाईंना तेथील तरुण कारकून अत्यंत अदबीने सांगत होता की, ‘‘मावशी, इथं कॅश घेत नाही, बाहेरच्या मशीनमध्ये टाका.’’ पिशवीत बव्हंशी दहा-वीसच्या नोटा आणि नाणी होती, आणि ते यंत्र दोहोंपैकी काहीच स्वीकारीत नव्हते. बाईंनी काचेची दारे, गुबगुबीत खुर्च्या आणि भिंतीवरची कर्जाची रंगीत जाहिरात एकदा न्याहाळली आणि विचारले, ‘‘मग ह्याला बँक कशाला म्हनायचं?’’

हा प्रश्न कायदेपंडितांनाही विचार करावयास लावील असा आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने बँकव्यवसायाची जी व्याख्या केली, तिच्यात जनतेकडून ठेवी स्वीकारणे आणि त्या मागणीनुसार परत करणे हाच गाभा मानला आहे. परंतु रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकेच्या ‘आउटलेट’ची जी व्याख्या ठरविली, तीत ठेवी घेणे, पैसे काढू देणे ‘किंवा’ कर्ज देणे, असा तो इवलासा ‘किंवा’ येऊन बसला, आणि एप्रिल २०२२ मध्ये डिजिटल बँकिंग युनिटांचे नियम निघाले तेव्हा त्यांत तर रोख रकमेची देवघेव केवळ यंत्रांवाटे व्हावी, खिडकीवर नव्हे, असे स्पष्टच फर्मावले गेले. त्याच वर्षीच्या १६ ऑक्टोबरला देशातील ७५ जिल्ह्यांत अशी ७५ युनिटे एकदम उघडली.

आपल्याकडे रोख सांभाळणाऱ्यास एकेकाळी किती मान होता, हे पोतदार आणि पोतनीस या आडनावांवरून अद्यापि दिसते. नाना टाकसाळींची नाणी बाजारात फिरत असताना खरे-खोटे पारखून घेणारा पोतदार हा वसुलीच्या यंत्रणेतील केवळ हिशेबनीस नव्हता. त्याने पारखलेले नाणे रयतेला आणि सरकाराला सारखेच मान्य असे. आजचा रोखपाल हा त्याचाच वंशज. फाटकी नोट बदलून देणे, मळकी काढून घेणे, नाणी स्वीकारणे ही कामे त्याच्याकडे सोपविलेली आहेत. नाणी नाकारू नयेत असे रिझर्व्ह बँकेचे सर्व शाखांना वारंवार बजावणे आहे, आणि २०११ च्या नाणेविषयक कायद्यान्वये एक रुपया व त्यावरील नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यास वैध ठरतात. हे सारे ज्या खिडकीवर व्हावयाचे, ती खिडकीच भिंतीतून काढून टाकली, तर हुकूम बजावायचा कोणावर?

सातारा-सांगलीकरांना या प्रश्नाची टोचणी इतरांहून अधिक लागावी, यास कारण आहे. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ मध्ये साताऱ्यात स्थापिलेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर २ सप्टेंबर २००६ रोजी स्थगिती आली आणि ठेवीदारास दहा हजारांपलीकडे आपलेच पैसे काढता येईनात. ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. पुढे सात महिने उलटण्यापूर्वीच, १९१६ साली जन्मलेली सांगली बँकही आयसीआयसीआय बँकेच्या उदरात गेली. ज्या खिडकीवर माणूस आपला पैसा ‘आहे ना’ एवढे पाहून निर्धास्त घरी जात असे, तिचे मोल स्थगितीच्या त्या महिन्याभरात सातारकरांना पुरते उमगले. दहा वर्षांनी नोटाबंदी आली. १४ नोव्हेंबर २०१६ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली, नव्या नोटांचा पुरवठा तुटपुंजा राहिला, आणि ऐन हंगामात गावोगावच्या शाखांत रोखपाल होता, रोकड नव्हती. (रोकडीचे ओझे नसलेली बँक अधिक निर्धोक, असे ज्यांना वाटते त्यांनी बँक ऑफ कराडचे स्मरण करावे: १९९२ च्या रोखे घोटाळ्यात ती बुडाली ती नोटांच्या थप्पीपायी नव्हे, पाठीशी रोखे नसलेल्या कागदी पावत्यांपायी.)

बँकांची बाजू मुळीच नाही असे नव्हे. रोकड ने-आण करणारी गाडी, बंदूकधारी पहारेकरी, तिजोरीचा विमा, दिवसअखेरची मोजदाद या साऱ्यास खर्च येतो, आणि भाजीवाल्याच्या हातगाडीवरही क्यूआर कोड लटकतो आहे. परंतु नोटाबंदीच्या आधी चलनात असलेल्या सुमारे पावणेअठरा लाख कोटींच्या नोटा आज दुपटीहून अधिक झाल्या आहेत. म्हणजे मोबाइलवरील व्यवहार वाढले आणि रोकडही वाढली. स्वीडनने या वाटेवर आपल्या कितीतरी आधी पाऊल टाकले. तेथील बहुसंख्य शाखांनी रोख हाताळणेच सोडले, इतके की २०१३ साली स्टॉकहोममधील एका शाखेत शिरलेल्या दरोडेखोरास रिकाम्या हाताने परतावे लागले. पण त्याच स्वीडनला १ जानेवारी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोकडसेवेची सक्ती करणारा कायदा अमलात आणावा लागला. आपल्याला तितके दूर जाण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या आसपास चढली, निम्मी सांगली पाण्यात होती आणि वीज गेलेली होती. तेव्हा बंद पडलेल्या मोबाइलमधील शिल्लक कोणाच्या पोटास उपयोगी पडणार होती?

आणि उपाय तरी परदेशातून आणावयास नको. म्हसवडच्या माणदेशी महिला सहकारी बँकेने, संस्थापक सभासद निरक्षर म्हणून आधी परवाना नाकारला गेल्यावरही, १९९७ मध्ये तो मिळविला, आणि रोजंदारी बुडवून बँकेत येणे ज्या बायांना परवडत नाही त्यांच्या दारी आपली माणसे पाठविली. खिडकीच चालत ग्राहकाकडे गेली. म्हणून माझे म्हणणे इतकेच की, त्याच बँकेची रोख घेणारी दुसरी शाखा चालत जाण्याच्या अंतरात असेल तेथेच खजांचीविना शाखेस मुभा असावी. आणि आटपाडी, जत, वडूज यांसारख्या गावी आठवडा बाजाराच्या दिवशी निदान दोन तास खिडकी उघडण्याची अट परवान्यात घालावी.

त्या बाईंची नाणी अखेरीस समोरच्या किराणा दुकानदाराने सुट्ट्या पैशांची निकड होती म्हणून घेतली आणि तेवढी रक्कम गटाच्या खात्यावर मोबाइलवरून पाठविली. त्याने ती दोनदा मोजली, थैलीला सुतळी बांधली, आणि बाईंनी पुढे केलेल्या गटाच्या वहीत रकमेसमोर स्वतःची सही केली.