शब्दांचें पाठांतर कीं अर्थाचें आकलन ?

माध्यमिक शालान्त परीक्षा जवळ येऊं लागली कीं आमच्या विद्यार्थिवर्गांत इंग्रजी शब्दांच्या पाठांतरास ऊत येतो. शब्द आणि त्यापुढें एकच मराठी अर्थ, अशा याद्या रात्रंदिवस घोकल्या जातात. हा उद्योग स्तुत्य खरा. परंतु श्रमांच्या मानानें त्याचें फळ फारच अल्प मिळतें.

'फाइन' म्हणजे 'सुंदर' एवढेंच ज्यानें घोकलें, त्याच्यापुढें न्यायाधीशानें आरोपीस 'फाइन' केल्याचें वाक्य उताऱ्यांत आलें, म्हणजे तो बापडा आरोपीच्या सौंदर्याचा विचार करीत बसतो ! वास्तविक न्यायाधीश आणि आरोपी हे शेजारचे शब्दच 'दंड' हा अर्थ सुचवीत असतात. जुन्या तर्खडकर भाषांतर-पाठमालेंत शब्दांमागून लगेच वाक्यें दिलेलीं असत, त्यांतील मर्म हेंच.

याकरितां आमची सूचना अशी कीं, रोज एक लहानसा उतारा घ्यावा. तो प्रथम न थांबतां संपूर्ण वाचावा. अडलेल्या शब्दाचा अर्थ संदर्भावरून तर्कानें ठरवावा आणि मगच कोश उघडावा. तो शब्द वहींत एकटा न लिहितां वाक्यासह लिहावा. शेवटीं उताऱ्याचा सारांश आपल्या शब्दांत सांगावा.

इतका वेळ कोठें आहे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या घरीं इंग्रजीचा गंधही नाहीं, त्यांनीं तर तो अवश्य काढावा. कारण त्यांना दुसरा आधार नाहीं. घोकलेली यादी निकालाबरोबर विस्मृतींत जाते. समजून वाचण्याची संवय मात्र पुढें एखादें करारपत्र वा ग्रंथ हातीं आला असतां दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येऊं देत नाहीं.