सिग्नल सुटत नाही तेव्हा

अमेरिकेच्या उपनगरांतले बरेच सिग्नल घड्याळावर नव्हे, गाडी पाहून सुटतात. मोठ्या रस्त्याचा दिवा एरवी हिरवाच असतो. आडव्या रस्त्याने कोणी आले, स्टॉपलाइनपाशी थांबले आणि ते यंत्राला कळले, तरच त्या बाजूला वाट मिळते. मोटारींचे यात काही अडत नाही. पहाटे एकटा मोटरसायकलस्वार येऊन थांबला की मात्र गाडे रुतते. समोरचा रस्ता मोकळा, आणि दिवा दोन मिनिटे, चार मिनिटे लालच. यंत्राच्या लेखी तिथे कोणी आलेलेच नसते.

हे यंत्र म्हणजे डांबरात पुरलेले तारेचे वेटोळे. रस्ता करवतीने साधारण सहा फूट बाय सहा फूट चौकोनात कापतात, खाचेत तारेचे तीन-चार फेरे बसवतात आणि वरून काळा मसाला भरतात. स्टॉपलाइनअलीकडे डांबरावर दिसणाऱ्या काळ्या रेघा त्याच. तारेची टोके कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीत जातात आणि तिथून वेटोळ्यात सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारी वीज खेळवली जाते. वर धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, ते वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्राला विरोध करतात आणि विजेची कंपनसंख्या किंचित वाढते. पेटीतले यंत्र तेवढा फरक टिपते.

म्हणजे प्रश्न वजनाचा नाही. तीनशे किलोची बाइक उभी करून उपयोग नाही. तो लोखंडाचाही नाही. ॲल्युमिनियममधून वीज उत्तम वाहते, म्हणून तेही चालते. बाइकच्या पोटाखाली लावायचे चुंबक अमेरिकेत विकले जातात आणि घेणारेही भेटतात. पण वेटोळे स्थिर चुंबक शोधतच नाही, त्यामुळे ते पैसे पाण्यात. साइड स्टँड टेकवण्याचा उपायही असाच. काडीएवढ्या धातूने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो तो उभे राहण्याच्या जागेने. मोटारीचा तळ पसरट, जमिनीला समांतर असतो. बाइक म्हणजे उभी धरलेली पातळ पाटी. चौकोनाच्या मध्यावर चुंबकीय रेषा सरळ वर जातात आणि या पाटीच्या कडेला समांतर निसटतात. तारेच्या अगदी वर मात्र त्या तारेभोवती वळतात, पाटीला आडव्या भिडतात आणि प्रवाह जोरात उठतात. म्हणून लेनच्या मधोमध, जिथे उभे राहावेसे वाटते तिथे, बाइक सर्वांत कमी दिसते. चौकोनाच्या डाव्या किंवा उजव्या रेघेवर दोन्ही चाके ठेवली तर सर्वांत जास्त. काही शहरांनी त्या जागी सायकलस्वाराची छोटी आकृती रंगवली आहे. बाइकवाल्यालाही ती उपयोगी पडते.

यंत्राची संवेदनशीलता वाढवता येते, पण फार वाढवली तर शेजारच्या लेनमधला ट्रकही मोजला जातो. मग तंत्रज्ञ ती मोटारीपुरती बेतून मोकळा होतो. गंमत अशी, की तार पार तुटली तर यंत्र बहुधा ‘गाडी आहे’ असेच धरून चालते. बाइकवाल्याला छळते ते धड जिवंत, पण मंद वेटोळे.

यावर कायदेही झाले. मिनेसोटाने २००२ मध्ये मोटरसायकलस्वाराला बचावाचा हक्क दिला: पूर्ण थांबला, दिवा अवाजवी काळ लाल राहिला, यंत्राला तो दिसला नाही आणि कोणी येत नव्हते, एवढे सिद्ध झाले तर दंड नाही. पुढे अनेक राज्ये त्याच वाटेने गेली, पण ‘किती थांबायचे’ यावर एकमत झाले नाही. विस्कॉन्सिनमध्ये ४५ सेकंद, इलिनॉयमध्ये १२० (आणि शिकागोला ही सूट लागूच नाही), नॉर्थ कॅरोलिनात तीन मिनिटे.

हे कायदे सहानुभूतीचे असले तरी चूक यंत्राची आणि जोखीम स्वाराची, असा त्यांचा हिशेब आहे. लाल दिव्यात पुढे सरकायचे ते त्याने, आणि आडवी गाडी अंगावर आली तर हाडे मोडायची तीही त्याचीच. कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये उलट बाजू धरली. गाडी ओळखणारे यंत्र नव्याने बसवले किंवा बदलले, तर त्याला सायकल आणि मोटरसायकल दिसलीच पाहिजे, असा कायदा तिथे झाला. तिरप्या तारांचे वेटोळे हे काम करते; त्यात तारेवर नेमके उभे राहण्याची कसरत उरत नाही. खरा इलाज हाच.

गाडीला स्वतःची ओळख पटवून द्यायला लावणे तसे जुनेच. बाल्टिमोरमध्ये चार्ल्स ॲडलर यांनी १९२८ साली बसवलेला सिग्नल हॉर्न वाजवला की बदलायचा. आपल्याकडे असा एकही सिग्नल नाही, पण हॉर्नवरची श्रद्धा मात्र अभंग आहे.

महाराष्ट्रात ही अडचण सहसा येत नाही, कारण बहुतेक सिग्नल ठरल्या सेकंदांनी सुटतात. शिवाय आपल्या रस्त्यांवर बहुसंख्या दुचाकींचीच. आता कॅमेऱ्याने गर्दी पाहून वेळ ठरवणारे सिग्नल शहरांत येत आहेत. ते घेताना भर दुपारच्या गर्दीत चाचणी करण्यात अर्थ नाही. रात्री दोन वाजता एकटी स्कूटर उभी करून पाहावे. आपल्या मोटार वाहन कायद्यात अमेरिकेसारखी सूट नाही.

अमेरिकेत बाइक चालवणाऱ्या मराठी माणसाने आपल्या राज्याचा नियम आधी पाहून ठेवावा. सूट नसेल तर लाल दिव्यावर पूर्ण थांबून उजवीकडे वळावे. मनाईची पाटी नसेल तर न्यूयॉर्क शहर सोडून जवळपास सगळीकडे ते चालते. आपल्याकडच्या ‘फ्री लेफ्ट’चाच तो तिकडचा भाऊ. पुढे यू-टर्न घेऊन परत यावे आणि त्या चौकाचे नाव महापालिकेला कळवावे.